‘नाही’ आणि ‘सापडलं नाही’

(बाभुळगाव येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. वक्त्यांची बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेवर आजचा विषय छापलाय, ‘वैद्यकीय संशोधनाचे माहितीसाठे आणि त्यांतील शोधसाधने : एक चिकित्सा’. एवढं लांब नाव वाचून निम्मे लोक घरीच थांबले असतील. जे आलात त्यांचे आभार. मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानातला, नाडी बघणारा नव्हे. तेव्हा सभा संपल्यावर कोणी मला गुडघेदुखीवर औषध विचारू नये. ती मलाच आहे.

मग तत्त्वज्ञानाच्या एका निवृत्त मास्तरानं या विषयात का पडावं? त्याला एक मुलगी कारण आहे. आमच्या ओळखीतली, नर्सिंग शिकणारी. तिला प्रकल्प करायचा होता, ‘बाभुळगाव तालुक्यातील सिकलसेल’. लिहून झाल्यावर भाषा तपासायला ती वही घेऊन माझ्याकडे आली. भाषा चांगली होती. पण दुसऱ्याच पानावर एक वाक्य होतं : ‘या विषयावरील संशोधन उपलब्ध नसल्याने तालुक्यात सिकलसेलची समस्या आढळून येत नाही.’

मी विचारलं, “हे कशावरून?” ती म्हणाली, “सर, मी पबमेडवर शोधलं. गावाचं नाव टाकलं, आजाराचं नाव टाकलं. शून्य आलं.”

बघा, पोरीनं आळस केला नव्हता. तिनं जगातल्या एका प्रचंड मोठ्या वैद्यकीय सूचीत शोधलं होतं. यंत्रानं ‘शून्य’ म्हटलं, तिनं ‘संशोधन नाही’ लिहिलं, आणि त्याच ओघात ‘समस्या नाही’ झालं. तीन पायऱ्या. एकीवरून दुसरीवर जाताना पाय कधी घसरला ते तिला कळलंच नाही. मला त्या वाक्याची भीती वाटली. कारण वहीतलं वाक्य उद्या अहवालात जातं, अहवालातलं नियोजनात जातं, आणि मग ग्रामीण रुग्णालयात औषधाची मागणी करायला गेलं की ऐकू येतं, तुमच्याकडे तर रुग्णच नाहीत.

सिकलसेल म्हणजे काय, हे विदर्भातल्या श्रोत्यांना फार सांगायला नको. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि माणूस वेदनेनं तळमळतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता, की बाळाला आजार येईल. गोंड, परधान अशा आदिवासी समाजांत आणि विदर्भातल्या काही दलित समाजांत हा जनुक आहे, ही गोष्ट फार वर्षांपासून नोंदलेली आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी या साधनाची ओळख करून घेऊ. टीका करायची तर माणसानं आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडावं. आपल्या परंपरेत त्याला पूर्वपक्ष म्हणतात.

१८७९ मध्ये अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज नावाच्या लष्करी शल्यचिकित्सकानं वैद्यकीय लेखांची छापील सूची सुरू केली, ‘इंडेक्स मेडिकस’. कोणत्या मासिकात कोणत्या आजारावर काय छापलं, त्याची यादी. १९६४ पासून हे काम संगणकावर आलं. १९९६ मध्ये ‘पबमेड’ सुरू झालं आणि १९९७ मध्ये ते जगातल्या सगळ्यांना फुकट खुलं झालं. आज त्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. बाभुळगावच्या बसस्टँडवर बसलेला पोरगा आणि लंडनमधला प्राध्यापक एकच सूची बघू शकतात. ही लहान गोष्ट नाही. आमच्या काळी एका लेखासाठी नागपूरला जावं लागे आणि तिथे कळे की तो अंक बाइंडिंगला गेलाय.

या सूचीला एक शब्दकोश जोडलेला आहे, त्याला ‘मेश’ म्हणतात. १९६० साली सुरू झाला. आता त्यात सुमारे तीस हजार विषयशब्द आहेत, झाडाच्या फांद्यांसारखे मांडलेले. तुम्ही साधं ‘हार्ट अटॅक’ टाकलं तरी यंत्र आतल्या आत त्याचं शास्त्रीय नाव ओळखतं आणि त्याही नावाखाली शोधतं. हे काम पूर्वी जाणकार माणसं लेख वाचून करत. २०२२ पासून ते यंत्रावर सोपवलंय.

याचं बळ किती मोठं आहे याचं एक उदाहरण सांगतो, म्हणजे मी एकांगी बोलतोय असं वाटणार नाही. शिकागो विद्यापीठात डॉन स्वॉन्सन नावाचे माहितीशास्त्राचे प्राध्यापक होते. वैद्य नव्हते, माझ्यासारखेच. रेनॉड नावाचा एक विकार आहे, थंडीत बोटं पांढरी पडतात, रक्त पोचत नाही. स्वॉन्सन यांच्या लक्षात आलं की लेखांचा एक गट म्हणतो, या रुग्णांचं रक्त दाट असतं. दुसरा गट म्हणतो, माशाच्या तेलानं रक्ताचा दाटपणा कमी होतो. दोन्ही गट एकमेकांना ओळखतच नव्हते! १९८६ मध्ये त्यांनी दोन्ही जोडून दाखवले. पुढे रुग्णांवरच्या चाचणीत त्याला दुजोराही मिळाला. म्हणजे ज्ञान छापलेलं होतं, सार्वजनिक होतं, तरी कोणाला ठाऊक नव्हतं. शोधसाधन नीट वापरलं तर अशी दोन टोकं जुळतात. हे श्रेय मी हिरावून घेणार नाही.

आता उत्तरपक्ष. त्या मुलीला शून्य का मिळालं?

पहिलं कारण अगदी साधं आहे. पबमेड लेखाचं शीर्षक, सारांश, लेखकांची नावं-पत्ते आणि विषयशब्द एवढ्यात शोधतं. अख्खा लेख ते वाचत नाही. संशोधकानं बाभुळगावात येऊन दोनशे माणसांचं रक्त तपासलं असेल, तरी गावाचं नाव आतल्या पानावर, ‘पद्धती’ या भागात राहतं. सारांशात ‘मध्य भारतातील ग्रामीण लोकसंख्या’ एवढंच येतं. झालं! तुमचं गाव त्या लेखात असूनही नाही. उलट ‘यवतमाळ’ टाकलं तर ज्यांचा पत्ता यवतमाळचा आहे असे लेखक सापडतात, मग त्यांनी कशावर का लिहिलेलं असेना.

दुसरं कारण स्पेलिंग. बाभुळगावचं स्पेलिंग एसटीच्या पाटीवर वेगळं, बँकेच्या पासबुकावर वेगळं. ‘भ’मधला एच कोणी ठेवतो, कोणी गाळतो. आणि बाभळी जिथे जिथे आहेत तिथे तिथे बाभुळगाव आहे. महाराष्ट्रात या नावाची गावं कितीतरी. जिल्ह्याची तर आणखी गंमत. इंग्रजी कागदांत पूर्वी यवतमाळ ‘वाय ई ओ टी एम ए एल’ असं लिहीत. आजच्या स्पेलिंगनं शोधणाऱ्याला ते कागद दिसायचेच नाहीत.

तिसरं कारण नकाशाचं. १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा एक छोटा लेख आला, मध्य भारतातील सिकलसेल गुणाबद्दल. आपल्या भागातल्या सिकलसेलच्या इतिहासात तो पहिल्या नोंदींपैकी एक. आता कोणी ‘महाराष्ट्र’ आणि ‘सिकलसेल’ टाकून शोधलं तर शीर्षकात ‘सेंट्रल इंडिया’ आहे, महाराष्ट्र नाही. कसं असेल? १९५८ मध्ये महाराष्ट्र राज्यच नव्हतं! आपण १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतो, मग द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो. माणसं जागची हलली नाहीत, आजार हलला नाही, फक्त पाटी बदलली. आणि यंत्र पाटी वाचतं. मेशच्या झाडात अमेरिकेतली राज्यं वेगवेगळी आहेत. ‘विदर्भ’ ही फांदी तिथे नाही.

आता मी माझ्या घरच्या अंगणात येतो, म्हणजे तत्त्वज्ञानात. घाबरू नका, दहा मिनिटांत परत येऊ.

समोर जमीन आहे, तिच्यावर घागर नाही. ‘घागर नाही’ हे तुम्हाला कसं कळलं? प्रश्न वेडगळ वाटेल, पण आपल्या पूर्वजांनी यावर शतकानुशतकं वाद घातला. घागर असती तर डोळ्यांनी दिसली असती, हे ठीक. पण ‘नसणं’ डोळ्यांना कसं दिसतं? नैयायिक म्हणाले, अभाव हाही एका प्रकारे प्रत्यक्षच कळतो. कुमारिल भट्टांचे अनुयायी मीमांसक आणि पुढे अद्वैत वेदान्ती म्हणाले, नाही. न दिसणं हे ज्ञानाचं एक स्वतंत्र साधन आहे, सहावं प्रमाण. त्याचं नाव अनुपलब्धी.

वाद कोणी जिंकला हे आज महत्त्वाचं नाही. महत्त्वाची आहे ती त्यांनी घातलेली अट. कोणतंही न दिसणं प्रमाण होत नाही. ‘योग्य’ अनुपलब्धीच प्रमाण होते. म्हणजे काय? वस्तू तिथे असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत, वस्तू दिसण्याजोगी हवी, आणि तुम्ही बरोबर त्या जागी पाहायला हवं. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही तर ‘घागर नाही’ म्हणायचा तुम्हाला अधिकार नाही. ‘मला दिसली नाही’ एवढंच म्हणा. बौद्ध नैयायिक धर्मकीर्तींनीही असाच भेद केला आणि त्यासाठी पिशाचाचं उदाहरण घेतलं जातं. पिशाच दिसण्याजोगं नाही असं मानलं, तर ते दिसलं नाही म्हणून ते नाही हे सिद्ध होत नाही. याचा अर्थ पिशाच आहे असा कोणी घेऊ नये, नाहीतर उद्या गावात माझ्या नावानं भलतंच सुरू व्हायचं.

तर माझी टीका एका वाक्यात सांगतो. ही शोधसाधनं आपल्याला अनुपलब्धी देतात, पण ती योग्य आहे की नाही हे सांगत नाहीत. शून्याच्या पानावर खोलीत उजेड होता की अंधार, याची नोंद नसते.

तुम्ही म्हणाल, सर, हे शब्दांचे खेळ झाले. या खेळात एक माणूस गेलं आहे. २००१ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यासंबंधी प्रयोग चालू होता. निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचं जुनं औषध हुंगायला देत होते. चोवीस वर्षांची एक स्वयंसेविका त्यानंतर आजारी पडली, तिची फुप्फुसं निकामी झाली, आणि महिन्याभरात ती वारली. संशोधकानं आधी साहित्याचा शोध घेतला होता. पण पबमेडच्या नोंदी तेव्हा १९६६ च्या मागे जात नव्हत्या. या औषधानं फुप्फुसाला इजा होते असे लेख होते, पण ते १९५० च्या दशकातले! ग्रंथालयात छापील खंडांमध्ये ते होते. यंत्राच्या खोलीत तेवढ्या कोपऱ्यात अंधार होता. सरकारनं त्या संस्थेतले माणसांवरचे बहुतेक प्रयोग काही दिवस थांबवले. पुढे जुन्या नोंदीही संगणकावर भरल्या गेल्या. पण धडा राहतोच. ‘सापडलं नाही’ याचं ‘धोका नाही’ झालं, आणि एक तरुण मुलगी गेली.

हा झाला छापलेल्या पण न दिसणाऱ्या गोष्टींचा प्रकार. त्याहून खोल अंधार दुसरा आहे, जिथे गोष्ट छापलीच गेलेली नसते, कारण कोणी विचारलंच नाही. त्यासाठी आपल्याच विदर्भात, गडचिरोलीला जाऊ. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. आणि त्यांपैकी आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के! आता विचार करा. त्याआधी कोणी दवाखान्याच्या नोंदींत शोध घेतला असता, अगदी जगातलं उत्तम शोधयंत्र लावून, तरी काय दिसलं असतं? या गावांतल्या बायका ठणठणीत आहेत! नोंद नाही, म्हणून रोग नाही. यंत्राची चूक काढता आली नसती. त्याच्या पोटात जे होतं ते त्यानं दाखवलं असतं. बायका मात्र मुकाट सोसत होत्या.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण इथे नाही सांगितली तर कुठे सांगणार?

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात काय झालं हे तुम्हाला ठाऊक आहे. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, बोंडअळीची धास्ती होती, फवारा जोरात चालू होता. जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं फवारणीच्या विषबाधेनं गेली, शेकडो दवाखान्यात पोचली. सरकारनं चौकशीसाठी पथक नेमलं, पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. देशभर बातम्या झाल्या.

आमचं थोडं वडिलोपार्जित वावर आहे. त्याच दिवसांत आमचा सालदार फवारून आला आणि त्याला उलट्या सुरू झाल्या, डोळ्यापुढे अंधारी आली. गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, “काय फवारलं?” तो माझ्याकडे बघून म्हणाला, “मले काय मालूम भाऊ, तुम्ही जे देल्लं तेच मारलं.”

आणि मला नाव आठवेना! औषध मी आणलं होतं. दोन डबे आणि वरून एक पुडी. दुकानदारानं ‘हे मारा, जोरदार आहे’ म्हटलं, मी पैसे दिले. ज्ञानाची साधनं कोणती हे आयुष्यभर शिकवणारा माणूस, आणि आपण माणसाच्या हातात काय दिलं हे त्याला माहीत नाही. घरी फोन करून एका पोराला वावरात पाठवलं. त्यानं धुऱ्यावर पडलेले डबे शोधून नावं वाचून दाखवली. त्यात तास गेला. त्या तासात आणि त्यानंतर मी दवाखान्याच्या व्हरांड्यात फोनवर शोधत होतो. डब्यावरचं नाव टाकलं. आलं काय? कोणत्या अळीवर चालतं, एकरी किती मिली घ्यायचं, कुठे स्वस्त मिळतं. माणसाच्या अंगात गेलं तर काय होतं, हे मला पहिल्या पानावर दिसलं नाही.

तो वाचला. दवाखान्यातल्या लोकांनी वाचवला, माझ्या शोधानं नव्हे.

नाव का महत्त्वाचं ते नंतर समजून घेतलं. सेंद्रिय फॉस्फरसवाली कीटकनाशकं असतील तर ॲट्रोपिन हा ओळखीचा उतारा आहे. पण डायफेन्थियुरॉनसारखं औषध त्या घराण्यातलं नाही, त्याला खास उतारा नाही. लक्षणं बघून सांभाळावं लागतं. शेतकरी सांगतो डब्यावरचं नाव, तेही अर्धवट. शास्त्रीय सूची बोलते रसायनाच्या नावानं. मधला दुभाषी कोणीच नाही. तीस हजार शब्दांचा कोश ‘हार्ट अटॅक’चं भाषांतर करतो, कारण ते म्हणणारे लोक त्याच्या डोळ्यासमोर होते. आमच्या सालदाराच्या वाक्याचं भाषांतर करायला तिथे कोणी बसलेलं नव्हतं.

आणि पुढची पायरी बघा. माणूस दगावला तर मृत्यूचं कारण एका सांकेतिक क्रमांकात जातं. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत कीटकनाशकानं अपघाती विषबाधा म्हणजे एक्स-४८. तेच औषध स्वतःहून घेतलं तर एक्स-६८. हेतू ठरवता आला नाही तर वाय-१८. विष तेच, मरण तेच. खाना कोणता, हे कागद भरणाऱ्याच्या एका ओळीवर. आपला जिल्हा कशासाठी ओळखला जातो हे मी इथे उच्चारत नाही. पण ज्या जिल्ह्याची ती ओळख झाली आहे, तिथे घाईत भरलेला कागद कोणत्या खान्याकडे झुकण्याचा धोका आहे, याचा विचार करा. दहा वर्षांनी कोणी दिल्लीत किंवा जिनिव्हात बसून संगणकाला विचारील, फवारणीच्या अपघातानं किती माणसं गेली? संगणक खाना मोजून आकडा देईल. आकडा अचूक असेल. उत्तर मात्र चुकीचं असू शकेल.

अजून दोन गोष्टी थोडक्यात सांगतो.

एक, क्रम. पबमेडवर हजार नोंदी सापडल्या तरी आपण वरच्या दहा बघतो. २०२० पासून तिथे आधी ‘सर्वांत जुळणाऱ्या’ नोंदी दाखवतात, आणि जुळणारं म्हणजे काय हे ठरवणारं यंत्र लोकांनी पूर्वी कशावर क्लिक केलं त्यावरून शिकवलेलं आहे. म्हणजे मळलेली वाट. जिथून पुष्कळ गेले तीच वाट पुढे दिसते, आणि दिसते म्हणून आणखी मळते. सोयीचं आहे, मी नाकारत नाही. पण आपल्या प्रश्नाची वाट कोणी तुडवलेलीच नसेल तर ती गवतात लपलेली राहणार.

दोन, कोणाची माहिती. ब्रिटनमध्ये ‘यूके बायोबँक’ नावाचा प्रचंड साठा आहे, पाच लाख माणसांचं रक्त, जनुकं, सवयी, आजार. जगभरचे संशोधक त्याला प्रश्न विचारतात. पण बोलावलं होतं नव्वद लाखांहून जास्त लोकांना, आले साधारण साडेपाच टक्के. आलेले लोक सरासरीपेक्षा निरोगी आणि खाऊनपिऊन सुखी निघाले, हे त्यावर काम करणारेच प्रामाणिकपणे सांगतात. आपल्याकडेही ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात दहा हजार भारतीयांची जनुकं वाचली गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांना खुली करण्याची घोषणा झाली. हे फार चांगलं काम आहे. पण दीडशे कोटींचा देश आणि दहा हजार माणसं. त्या साठ्याला एखाद्या लहान समाजाबद्दल प्रश्न विचारला आणि काही आलं नाही, तर ‘त्यांच्यात हा दोष नाही’ म्हणायचं की ‘ते या दहा हजारांत होते का?’ असं आधी विचारायचं?

मागून कोणीतरी हात वर केलाय. बोला.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, यात यंत्राचा काय दोष? जे भरलंच नाही ते त्यानं कुठून द्यायचं? आणि आता तर एआय आहे, ते सगळं वाचून सरळ मराठीत उत्तर देतं.)

प्रश्न चांगला आहे, आणि दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर. जे भरलं नाही ते देऊ नये, हे बरोबर. पण बाजार समितीत वजनकाटा असतो, त्यावर लिहिलेलं असतं की हा काटा किती किलोपासून किती किलोपर्यंत तोलतो. पाच ग्रॅमचा मणी त्यावर ठेवला आणि काटा हलला नाही, तर मण्याला वजन नाही असं आपण म्हणत नाही. शोधयंत्राच्या शून्यावर असं का लिहू नये? ‘मी अमुक सालापासूनच्या, अमुक भाषांतल्या, एवढ्या नियतकालिकांच्या फक्त शीर्षक-सारांशात शोधलं. तुमच्या शब्दाचा मी असा असा अर्थ घेतला.’ हे अशक्य नाही. पबमेड तुमच्या शब्दांचं आत काय भाषांतर झालं ते दाखवतं, पण ते ‘प्रगत शोध’च्या पानावर, एका बाणाच्या आड. माहिती आहे, पण जिथे माणूस घसरतो तिथे नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

दुसरा प्रश्न एआयचा. मला त्याची जास्त काळजी वाटते. जुनं यंत्र निदान शून्य दाखवायचं. शून्य बघून माणूस थबकतो, डोकं खाजवतो, स्पेलिंग बदलून बघतो. नवं यंत्र थबकू देत नाही. ते मोकळ्या जागेवरून सफाईदार वाक्य अंथरतं. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटा कंपनीनं ‘गॅलॅक्टिका’ नावाचं, शास्त्रीय लेखांवर शिकवलेलं असं यंत्र लोकांसमोर आणलं. ते इतक्या ठामपणे चुकीचं आणि काल्पनिक लिहू लागलं की तीन दिवसांत मागे घ्यावं लागलं. तेव्हापासून यंत्रं सुधारली, हे खरं. मीही वापरतो. पण त्याला विचारायचा पहिला प्रश्न ‘उत्तर काय’ हा नव्हे. ‘तू कुठे पाहिलंस आणि कुठे पाहू शकला नाहीस’ हा आहे. आणि त्यानं दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहायचा.

आता शेवट. नुसती टीका करून घरी जाणं बरं नव्हे.

शोधणाऱ्यानं शून्य आलं की चार गोष्टी तपासाव्यात. गोष्ट कोणत्या दुसऱ्या नावानं, दुसऱ्या स्पेलिंगनं, दुसऱ्या राज्याच्या नावाखाली असेल? ती शीर्षकात आली असती का, की आतल्या पानावर राहिली असती? ती या साठ्याच्या काळात आणि भाषेत बसते का? आणि ती मुळात कोणी नोंदली असती का? चारांचं उत्तर ‘हो, असती तर दिसलीच असती’ असं आलं, तरच ‘नाही’ लिहावं.

आणि आपण गावकऱ्यांनी काय करावं? औषधाचा डबा फेकू नये, दवाखान्यात सोबत न्यावा. कोणत्या दिवशी काय फवारलं ते वहीत लिहावं, त्यातल्या रसायनाच्या नावासकट. मी २०१७ नंतर लिहितो. शिक्षकांनी, आशाताईंनी, इथल्या डॉक्टरांनी आपल्या लोकांच्या तोंडचे शब्द जमवावेत. सिकलसेलचं दुखणं आपल्याकडे कोण कसं सांगतं, फवारा लागणं कोण कशाला म्हणतं, आणि त्यापुढे शास्त्रीय नाव. ही यादी जिनिव्हात बसून होणार नाही. ती या तालुक्यातच होऊ शकते.

ती मुलगी नंतर परत आली. पुस्तकाचं नाव टाकून, जुन्या स्पेलिंगनं, ‘सेंट्रल इंडिया’ लावून तिनं पुन्हा शोधलं होतं. लेख मिळाले. बाभुळगावचा एकही नव्हता, हे खरंच. मग ती दोन दिवस आरोग्य केंद्रात जाऊन बसली, परवानगी घेऊन, नावं न उतरवता फक्त आकडे घेतले. किती मिळाले ते मी सांगणार नाही, तो तिचा प्रकल्प आहे. पण दुसऱ्या पानावरचं ते वाक्य तिनं खोडलं होतं आणि त्याजागी लिहिलं होतं : ‘मी पाहिलेल्या सूचींमध्ये बाभुळगाव तालुक्याबद्दलचे संशोधन मला सापडले नाही. तालुक्यात रुग्ण नाहीत, असा याचा अर्थ नाही.’

मी त्या वाक्यातली एकही वेलांटी बदलली नाही.